एका कान्याचा फरक

प्रिय काऊ,

पाकीट जड लागलं म्हणून दचकू नकोस. आत तुझ्या पुस्तकाची प्रुफं आहेत, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, आणि वर हे पत्र. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू मला मध्येच तोडतेस आणि मग मला काय सांगायचं होतं तेच मी विसरतो. कागदावर तुझं काही चालत नाही. शिवाय सतरा वर्षं छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात घालवल्यावर माणसाला बोललेल्यापेक्षा लिहिलेल्याचा भरवसा जास्त वाटायला लागतो. तांबडी शाई बघून रागावू नकोस. ऱ्हस्व-दीर्घाच्या नावाने तुझी शाळेपासूनच बोंब होती. तेव्हा बाई तुला 'नीट' हा शब्द नीट लिहायला पन्नास-पन्नास वेळा लावायच्या. आता जग तुला डॉक्टर म्हणतं आणि तुझा 'निट' अजून तसाच आहे. पान तेरा, छत्तीस आणि नव्वद.

सगळ्यात मोठा गोंधळ मात्र तुझा नाही, आमचा आहे. यकृताच्या पेशीत औषधाची मोडतोड करून त्याची विल्हेवाट लावणारे जे पदार्थ असतात, त्यांना तू सगळीकडे व्यवस्थित 'विकर' लिहिलंयस. पण आमच्या अक्षरजुळणीवाल्या बाईंच्या संगणकाला हा शब्दच ठाऊक नाही. त्याने स्वतःची अक्कल चालवली आणि प्रत्येक 'विकर'ला एक काना चिकटवून 'विकार' करून टाकला. दुसऱ्या प्रकरणाची सुरुवात अशी छापून आली: 'यकृताच्या पेशींमध्ये अनेक विकार असतात आणि त्यांच्यामुळेच आपण जिवंत राहतो.' मी खुर्चीत इतका हसलो की मालक आतल्या खोलीतून बाहेर आले. त्यांना वाटलं, गेला हा परत. मी पान दाखवलं तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला आणि मग तेही हसले. एकशे सदतीस ठिकाणचा तो काना मी एकेक करून काढलाय, आणि दोनदा तपासलंय.

बाईंना मी सांगितलं की लेखिका माझी सख्खी धाकटी बहीण आहे. एकदा नाही, निदान पाचदा सांगितलं असेल. शेवटी त्या म्हणाल्या, अहो कळलं, आता पान द्या. पण मला राहवत नाही. छापखान्यात कवितांची, पाककृतींची, हिशेबतपासणीची पुस्तकं येतात, त्यांचे लेखक येऊन खुर्चीत बसतात आणि मी त्यांना नमस्कार करतो. या वेळी मुखपृष्ठावर तुझं नाव बघून मीच खुर्चीत ताठ बसलो. लहानपणी तू दिवसभर का, का करायचीस. खपलीला खाज का सुटते, आजोबांच्या औषधाने त्यांना झोपच का येते, तीच गोळी बाबांना दिली तर काय होईल. म्हणून मी तुझं नाव काऊ ठेवलं. आई कुरकुरायची की पोरीला असलं काळं नाव ठेवू नकोस. मला त्यात रंग दिसत नव्हता, फक्त आवाज ऐकू यायचा. चौथं प्रकरण वाचताना तोच आवाज पुन्हा ऐकू आला. तंबाखू वाईट, एवढं म्हणून लोक थांबतात. तू थांबली नाहीस. तंबाखू जाळल्यावर जी काजळी होते ती पेशीत जाऊन विकरं वाढवते, मग नुसती चघळल्यावर ती का वाढत नाहीत, हे तू इतकं सोपं करून लिहिलंयस की बाईंनीसुद्धा जुळवता जुळवता वाचलं. त्यांच्या घरी कोणीतरी ओढतं म्हणे.

आता जरा मागचं लिहितो. तुला सगळं माहीत आहे, पण मला ते एकदा माझ्या हाताने, क्रमाने लिहायचंय. मी तेवीसचा होतो आणि तू चौदाची, तेव्हा माझ्या डोक्यात दुसऱ्यांचे आवाज बोलायला लागले. पहिल्या वर्षी मी गोळ्या गिळायचोच नाही. जिभेखाली धरायचो आणि आईची पाठ वळली की बैठकीतल्या पडद्याच्या पोकळ नळीत टाकायचो. मग एक दिवस घरात पाहुणे बसलेले, तू खिडकी उघडायला गेलीस, नळी निसटली आणि पाहुण्यांच्या कपबशांत गोळ्या टपाटप पडल्या. आज आपण दोघं त्यावर पोट धरून हसतो. पण त्या दिवसापासून घरात माझ्या शब्दाला वजन उरलं नाही. आईने औषधाच्या कपाटाला कुलूप घातलं. रोज गोळ्या हातावर ठेवायच्या, पाण्याचा पेला पुढे करायचा, आणि मग 'आ कर.' जवळजवळ वीस वर्षं मी आईपुढे आ करत आलो. तक्रार नाही, आगळीक माझीच होती. पण खरं बोलूनही खोटं ठरायचं, हे एकदा अंगवळणी पडलं की माणूस खरं बोलायचाही कंटाळा करायला लागतो.

सिगारेट मी इस्पितळातच शिकलो. वॉर्डच्या मागच्या व्हरांड्यात सगळेच ओढायचे, एकमेकांशी बोलायला दुसरं निमित्त नव्हतं. पुढे दिवसाला पंचवीसवर गेलो. गोळी पुरेशी लागू पडेना म्हणून डॉक्टर वाढवत गेले, आणखी वाढवत गेले. सगळे म्हणायचे, याचा आजार फार चिवट. धूर गोळीचा फडशा पाडतोय हे आपल्या घरात कुणाला माहीत नव्हतं आणि मी किती ओढतो हे कुणी विचारलं नाही. तरी त्या गोळ्यांवर मी उभा राहिलो, छापखान्यात चिकटलो. मग तुझं लग्न ठरलं. तुझ्या सासरी सांगितलं गेलं की थोरला परगावी नोकरीला असतो, त्याला रजा मिळत नाही. तुझी लग्नपत्रिका आमच्याच छापखान्यात छापली आणि मीच ती तपासली. आमंत्रण देणाऱ्यांत मामांचं नाव होतं, आत्याच्या यजमानांचं होतं, माझं नव्हतं. चूक मात्र एकही सापडली नाही. तू त्या दिवसांत माझ्या नजरेला नजर देत नव्हतीस, आणि मला तुझा राग नव्हता. लग्नानंतर महिन्याभरात तू भावोजींना खरं सांगून टाकलंस. तेव्हापासून ते दर रविवारी माझ्याशी बुद्धिबळ खेळायला येतात आणि हरतात. बाकी तुझ्या सासरी मी अजूनही परगावीच आहे.

तुझं संशोधन सुरू झालं तेव्हा तू मला ते छापखान्याच्या भाषेत समजावून दिलं होतंस. म्हणालीस, दादा, निवडणूक आली की तुमचे मालक जादा माणसं कामावर घेतात ना, पत्रकांचा ढीग उपसायला? पेशीत धुराची काजळी पोचली की पेशीला वाटतं निवडणूक आली. ती जादा विकरं कामाला लावते, आणि ती विकरं काजळीबरोबर तुझ्या गोळीचाही चट्टामट्टा करतात. मला ते फार आवडलं. मी दुसऱ्या दिवशी मालकांनाही सांगितलं. पण त्या गोष्टीचा पुढचा अर्धा भाग असा होता, की निवडणूक संपली की ती माणसं घरी जातात आणि रोजचा ढीग मात्र तेवढाच येत राहतो. तो तू सांगायला लागलीस तेव्हा मी सिगारेट पेटवायला गच्चीत गेलो होतो. तू अजून त्यासाठी स्वतःला बोल लावतेस, हे मला भावोजींकडून कळलं. लावू नकोस. उठून मी गेलो होतो.

तुझी शेवटची तोंडी परीक्षा जवळ आली. तुला काय द्यावं याचा मी विचार करत होतो. बहीण वर्षानुवर्षं धुराचा माग काढतेय आणि आपण तिच्या माहेरी धुराचे लोट काढतोय, याची मला लाज वाटली. मी एका सकाळी सिगारेट सोडली, एकदम, सगळी. परीक्षेच्या दिवशी एकविसावा दिवस भरणार होता, तेव्हा तुला सांगायचं ठरवलं. दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही, कारण मधेच घसरलो असतो तर आईने 'मला वाटलंच होतं' म्हटलं असतं. आणि मी शहाणा कसा, तर खिशात पाकीट तसंच ठेवलं. ठरल्या वेळी गच्चीत जायचो, दहा मिनिटं उभा राहून कबुतरं बघायचो आणि परत यायचो. आईच्या नाकाला संशय येऊ नये म्हणून धुराचा वास मुरलेला तोच जुना स्वेटर रोज अंगात. एवढं बेमालूम नाटक मी आयुष्यात केलं नव्हतं. कधी नव्हे ते मला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

बाराव्या दिवसापासून झोप आवरेना. प्रुफं वाचता वाचता तोंडातून लाळ गळून कागद ओला व्हायचा. जिना उतरताना तोल जायचा. माझ्या हातून एका पुस्तकाच्या पहिल्याच पानावरची चूक सुटली, तेव्हाच मी घाबरायला हवं होतं. अठराव्या दिवशी भर दुपारी मी खुर्चीतून खाली पडलो आणि झटके यायला लागले. शुद्धीवर आलो तेव्हा एक तरुण डॉक्टर विचारत होते, किती घेतल्या? मी म्हटलं, रोजच्याच. त्यांनी आईकडे बघितलं. आईने माझ्याकडे बघितलं नाही, तिने पडद्याच्या नळीची गोष्ट सांगितली. झालं, सगळ्यांचं एकमत झालं की याने पुन्हा गोळ्या साठवल्या आणि एकदम घेतल्या. मामांनी घरी जाऊन गाद्या उसवल्या, बूट झटकले, काही सापडलं नाही, तर म्हणाले की सगळ्या संपवल्या असणार. कागदावर लिहिलं गेलं की याने जिवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न केला. मला बंद वॉर्डात हलवायचं ठरत होतं, आणि आत गेलेला माणूस बाहेर कधी येतो ते मला माहीत होतं. मालकांना निरोपही गेला होता की आता हा कामावर येणार नाही. मी घेतल्या नाहीत, मी घेतल्या नाहीत, एवढंच मी जड जिभेने म्हणत राहिलो. शेवटी मलाच वाटायला लागलं, घेतल्या असतील का?

तेवढ्यात तू आलीस. प्रयोगशाळेतून तशीच, गळ्यात ओळखपत्र लटकतंय. तू माझा हात हातात घेतलास. मला वाटलं मायेने घेतला. तू बोटं तपासत होतीस. दोन बोटांवरचा पिवळा डाग फिका पडलेला, नखं वरून पिवळी आणि मुळाशी स्वच्छ. मग तू विचारलंस, दादा, सिगारेट कधी सोडलीस? आई म्हणाली, छे, सोडतोय कसला, पंचवीस ओढतो, बघ खिशात. तू खिशातून पाकीट काढून उघडलंस. ते अख्खं भरलेलं होतं. मी अठरा बोटं दाखवायचा प्रयत्न केला आणि मला ते जमेना, तेव्हा मात्र तू रडलीस. तिथल्या प्रत्येकाने मला विचारलं होतं, खरं सांगतोस का. तू ते विचारलंच नाहीस. मी खरं सांगतोय हे धरून चालून तू पुढचा प्रश्न विचारलास. काऊ, मला जन्मात कुणी इतका मोठा मान दिलेला नाही.

पुढचं तू त्या तरुण डॉक्टरांना भिंतीशी उभं राहून समजावलंस. तेही भले, मान खाली घालून ऐकत होते. रक्त तपासायला गेलं, गोळी त्यांनी त्याच दिवशी कमी केली. चौथ्या दिवशी आकडा आला. रक्तात औषध दुपटीहून जास्त होतं, आणि गोळ्या रोजच्याच होत्या. जादा विकरं घरी गेली होती, ढीग तेवढाच राहिला होता. इतकी वर्षं ज्याला सगळे विकार म्हणत होते, त्यातलं बरंचसं नुसतं विकर होतं. म्हणून त्या एकशे सदतीस कान्यांवर मी इतका वेळ घालवला. त्या संध्याकाळी आई आली. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि जाताना कपाटाची किल्ली उशाशी ठेवून गेली.

त्याच दरम्यान, ठरल्या एकविसाव्या दिवशी, तू परीक्षेला गेलीस. मला भेटून, केस विंचरायचेही राहिलेले, तशीच. नंतर भावोजींनी सांगितलं की परीक्षकांनी तुला विचारलं, यापुढे काय करणार? आणि तू म्हणालीस, आतापर्यंत धूर आल्यावर काय होतं ते बघितलं, आता धूर गेल्यावर काय होतं ते बघणार. तीन वर्षं तू तेच केलंस. पेशींना धुराचा अर्क पाजायचा, मग तो काढून घ्यायचा, आणि रोज मोजायचं की किती विकरं उरली. किती वेळा पेशी मेल्या, किती वेळा पुन्हा पहिल्यापासून, आणि दर वेळी फोनवर तू म्हणायचीस, उद्या परत लावते. मला तुझ्या पदवीपेक्षा त्या 'उद्या परत लावते'चा जास्त अभिमान आहे. गेल्या महिन्यात त्या इस्पितळाचा नवा दाखल-अर्ज आमच्याकडे छपाईला आला. त्यात नववा प्रश्न आहे: धूम्रपान करता का, नुकतंच सोडलं असल्यास किती दिवस झाले. तो प्रश्न त्या डॉक्टरांनी तुझ्यामुळे घातला. मी तो तपासला. 'धूम्रपान' बरोबर लिहिलं होतं.

मी परत ओढायला लागलो नाही, हे तू बघतेसच. गोळ्या आता आधीच्या निम्म्या आहेत, डॉक्टरांनी रक्त तपासत तपासत कमी केल्या. सकाळी डोकं स्वच्छ असतं. कॉफी मात्र एकच कप, कारण तिचाही फडशा तेच विकर पाडतं आणि तेवढी गोळी रक्तात मागे उरते, हे तुझ्या सहाव्या प्रकरणात वाचून आईने दुसरा कप बंद केला. गोळ्यांचा डबा माझा मी भरतो. आई कधीकधी सवयीने पेला घेऊन समोर उभी राहते, मग आम्ही दोघंही हसतो.

आता सातवं प्रकरण. ते मी सगळ्यात शेवटी घेतलं आणि दोन दिवस उघडंच ठेवलं. पान एकशे बारा, ओळ चौथी: 'एका रुग्णाने जादा गोळ्या घेतल्याचे नाकारले.' तू असं का लिहिलंस ते मला कळलं. माझी लाज राखायला, आईची राखायला, आणि सासरी मी परगावी असतो म्हणून. मुद्रितशोधकाचा एक नियम असतो. लेखकाच्या वाक्याला हात लावायचा नाही, शंका आली तर समासात लिहायची आणि निर्णय त्याच्यावर सोडायचा. मी तेवढंच केलंय. 'नाकारले'च्या बाजूला लिहिलंय की नाकारतो तो आरोपी, इथे 'सांगितले' हवं, 'जादा गोळ्या घेतल्या नाहीत असे सांगितले.' आणि 'एका रुग्णाने'च्या बाजूला लिहिलंय: 'माझ्या दादाने', असं चालेल का? आईला आधी विचारलं. ती बराच वेळ भाजी निवडत बसली, मग म्हणाली, लिहायचंच तर शुद्ध लिहा म्हणावं. हे मी स्वतःसाठी मागत नाही, म्हणजे थोडं स्वतःसाठीही मागतो. पण कुठेतरी असाच एखादा भाऊ जड जिभेने नाही, नाही म्हणत पडला असेल, आणि त्याच्या बहिणीने हे पान वाचलं असेल, तर ती रुग्णाचं वाचून विसरेल, दादाचं वाचून त्याची बोटं बघेल. तुला सासरी जड जाणार असेल तर खोडून टाक. मी तुझा रुग्ण म्हणूनही सुखात राहीन. पण मला विचारशील तर, माझ्याकडून छापण्यास हरकत नाही.

तुझाच,
पान एकशे बारावरचा
दादा